बोरिंगला लाल रंग मारला त्याची गोष्ट

फोटो काढताना माझी मोठी मुलगी ओठ मिटून घ्यायची. पुढच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. वर्षभर मी तिला नीट दात घासत नाही म्हणून रागावले. यवतमाळ जिल्ह्यात, झरी जामणी तालुक्यातल्या आमच्या गावात बऱ्याच पोरांचे दात असेच, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

जल जीवन मिशनमध्ये गावातल्या ५ बायकांना पाणी तपासायचं शिकवतात. माझं नाव मला न विचारताच टाकलं होतं. तिथं कळलं, पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार जास्त असला की पोरांच्या दातांवर असे पट्टे येतात, पुढं हाडंही वाकतात. किटमधल्या नळीत बोरिंगचं पाणी घेतलं, फ्लोराइडच्या औषधाचे थेंब टाकले. गुलाबी राहायला हवं होतं, ते पिवळट झालं. वाटलं माझंच चुकलं. तीनदा करून पाहिलं.

मग प्रयोगशाळेत नमुना द्यायचा होता, आणि तिथं मी शहाणपणा केला. लोणच्याची काचेची बरणी लख्ख धुऊन नेली. तिथले भाऊ म्हणाले, "ताई, फ्लोराइडसाठी काच चालत नाही. प्लास्टिकची बाटली आणा. आधी ५ मिनिटं हापसून पाणी वाहू द्या, त्याच पाण्यानं बाटली ३ वेळा विसळा, मग भरा." एसटीचं भाडं पाण्यात गेलं. दुसऱ्या खेपेला मी दोन बाटल्या नेल्या. एक बोरिंगची, एक मंदिरामागच्या पडीक विहिरीची. माझ्या मोठ्या नणंदबाई याच गावात त्या विहिरीचं पाणी पिऊन वाढल्या, आणि त्यांचे दात अजून पांढरेशुभ्र आहेत. एवढाच माझा आधार.

रिपोर्ट आला. लिटरला बोरिंगमध्ये २.९ मिलिग्रॅम, विहिरीत ०.७. मर्यादा १ ची, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. पाणी खोलात खडकाला जितकं जास्त काळ लागून राहील तितकं फ्लोराइड त्यात उतरतं. विहिरीत दर पावसाळ्याला वरून नवं पाणी मुरतं. मी आर्सेनिक या विषाचंही विचारलं, कारण ते नाव कुठंतरी ऐकलं होतं. भाऊ म्हणाले, ते तिकडं छत्तीसगडात, अंबागड चौकीकडच्या कौडीकसाला. त्याची मर्यादा तर ०.०१ मिलिग्रॅम. आपलं दुखणं फ्लोराइडचं.

"उकळून प्यायलं तर?"

"वाफ जाते, फ्लोराइड भांड्यातच राहतं. उलट दाट होतं."

मी घरी दोन वर्षं पाणी उकळत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

हे पाणी पिऊ नका अशी खूण म्हणून बोरिंगला लाल रंग मारायला गेले तर म्हातारे उठले. "बोरिंगले लाल रंग कायले मारून राह्यली वो बाई? पाणी तं काचेवानी हाय. आमी जलमभर हेच पेलो." जलमभर नव्हे, बोरिंग झाल्यापासून. पण त्यांच्या वाकलेल्या गुडघ्यांकडं बोट दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

काही जण म्हणाले, आरओ बसवा. शेजारच्या गावात बसवलं होतं. जाळी चोंदली, वीजबिल थकलं, आता तिथं शेळ्या बसतात. शिवाय त्यातून निघणारं खारट पाणी टाकणार कुठं? मी विहिरीवरच अडून बसले. ग्रामसभा, ठराव, वित्त आयोगाचा बंधित (पाणी-स्वच्छतेसाठीच वापरायचा) निधी, पुन्हा ग्रामसभा. यात ८ महिने गेले, सांगण्यासारखं त्यात काही नाही.

गाळ काढला, कठडा वाढवला, वर जाळी, आत मोटर. पहिल्या दिवशी बायका हंडे घेऊन रांगेत उभ्या. मी त्यांना थांबवलं आणि जंतू तपासायच्या बाटलीत नमुना भरून ठेवला; पाण्यात जंतू असले की ती काळी पडते. दुसऱ्या दिवशी बाटली काळी कुळकुळीत! फ्लोराइड गेलं तर जंतू आले. त्या दिवशी मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून टाकीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडतं. जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचा पाणी बघणारा माणूस) सुट्टीवर असला की मीच टाकते आणि पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायला शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करते. पिवळं आलं की बरं वाटतं. लोकांना वास येतो म्हणून अर्धी वस्ती अजून कुरकुरते.

बोरिंगवर आता कपडे धुतात. दोन घरं तरी अंधार पडल्यावर तिथूनच पाणी भरतात, मला दिसतं. दांड्याचा लाल रंग उडत आलाय. नवा डबा आणायचाय, आणि मागच्या डब्याचे पैसे अजून मिळायचेत.