देवाने सांगितलंय म्हणे

रविवार, रात्री

उपासनेनंतर चर्चची कमिटी बसली. हंगामाच्या सणाचं दान यंदा सुवार्तेच्या कामासाठी बाजूला ठेवलंय, ते कुठे लावायचं एवढाच विषय. दौंडकडचे साखर कारखाने सुरू झालेत. बीडच्या ऊसतोड टोळ्या उतरल्यात, कालव्याच्या कडेने त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्यात. मी म्हटलं, तिथल्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग घेऊ या.

तेवढ्यात एक बंधू उभे राहिले. "मला प्रभूने स्पष्ट सांगितलंय. मोठी सभा घ्या. मंडप, साउंड, बाहेरचे वक्ते."

झालं. आता पुढे बोलणार कोण? मंडपवाला किती घेतो, हा प्रश्नसुद्धा अविश्वासाचा वाटायला लागतो. तरी मी विचारलाच. त्यावर उत्तर आलं, "पंडिता रमाबाईंनी कुठे हिशेब केला होता? विश्वासाने पाऊल टाकलं की पैसा येतो."

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारवर ढकललं. देव बोलत नाही असं माझं म्हणणं नाही. नाहीतर एवढी वर्षं प्रार्थनेला बसते कशाला? पण हे वाक्य जो उच्चारतो त्याला पुढे काहीच सिद्ध करावं लागत नाही, हे मला खटकतं.

मंगळवार

बायबलातलं 'प्रेषितांची कृत्ये', सोळावा अध्याय पुन्हा काढला. "मासेदोनियात येऊन आम्हांला साहाय्य कर" यावर आयुष्यभर उपदेश ऐकले, पण त्याच्या आधीच्या ओळींवर क्वचितच. प्रेषित पौलाला आशियात, म्हणजे तेव्हाच्या त्या नावाच्या रोमी प्रांतात, वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियाला जायचा प्रयत्न केला, तिथेही जाऊ दिलं नाही. म्हणजे पौलासारख्या माणसाचे दोन बेत फसले, तेव्हा कुठे त्रोवसला रात्री मासेदोनियाचा माणूस बोलावतोय असा तो दृष्टान्त झाला. आणि दृष्टान्त एकट्याला झाला तरी जायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं. बरोबरच्या माणसांना त्यात मत होतं.

पुढची गंमत तर कोणी सांगतच नाही. स्वप्नात दिसला तो पुरुष. फिलिप्पैला पोचल्यावर भेटल्या त्या नदीकाठी जमलेल्या बायका, त्यांत जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया. मग फटके, तुरुंग. मार्गदर्शन बरोबर होतं म्हणून वाट सोपी झाली नाही.

बुधवार, दुपार

रमाबाईंचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. त्यांचं मुक्ती मिशन जिथे उभं राहिलं ते केडगाव इथून हाकेच्या अंतरावर, आणि आमच्याच लोकांना वाटतं की पंडिता रमाबाई डोळे मिटून बसल्या आणि आभाळातून धान्य पडलं!

मध्य प्रांतात दुष्काळ पडला, 1896 साली. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण अशाच दुष्काळात गेलेली. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, त्याचे निर्बंध. एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग केडगावच्या जमिनीवर. ती जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती, शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या त्यांच्या शाळेला, शेतीचा आधार व्हावा म्हणून. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षांची मदत कबूल केली होती, तिची मुदत 1898 ला संपत आली, तेव्हा बाई प्रार्थनाही करत होत्या आणि आगबोटीने अमेरिकेलाही गेल्या. पुढे इंग्रजीत 'मुक्ती प्रेयर बेल' हे पत्रक काढून दात्यांना कामाची खबर देत राहिल्या. मुली सूत कातत, विणत, शेती करत, छापखान्यात खिळे जुळवत; बाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं.

याला हिशेब म्हणत नाहीत तर काय म्हणतात? मला दिसतं ते इतकंच, की त्यांना जे देवाने सांगितलं असं वाटलं, त्याचा पहिला भार त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर आला.

लिहिता लिहिता कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले आणि माझी कसोटी जरा डळमळली. 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. पुढे काही वर्षं दोघं वेगळी राहिली. 1917 साली अमेरिकन मराठी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' नावाची भक्तमंडळी मांडली. माणूस खरा, हाकही खरी, याबद्दल मला शंका नाही. त्यांचे अभंग गाताना आजही गळा भरून येतो. पण हाक एकाला आली आणि संसाराची ओढाताण दुसरीच्या वाट्याला. लक्ष्मीबाईंनी ते सगळं हसत हसत, पण काहीही न लपवता लिहून ठेवलंय. भार स्वतःवर घेतला असं म्हणताना घरात कोण उपाशी राहिलं हेही विचारायला हवं.

शुक्रवार

मंडळीतल्या एका मावशींना घेऊन कोप्यांवर गेले. मुकादम आधी आडवा आला. "धर्माबिर्माचं काही नाही ना बाई?" हल्ली हा प्रश्न येतोच, आणि त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्याच्या टोळीची जबाबदारी त्याच्यावर. म्हटलं, मुलांसाठी काही करता येईल का बघायला आलोय, एवढंच.

चुलीपाशी एक बाई होती, कडेवर लेकरू. वर्गाचं सांगितलं तर म्हणाली, "वर्गाचं राहू द्या. पहाटं फडात जाताना ह्याला कुठं ठेवू ते सांगा. न्यावं तर पाचटात इच्चूकाटा, ठेवावं तर थोरलीला घरी बसवावं लागतं."

थोरली शेजारीच उभी होती, दहाअकराची. जिच्यासाठी मी वर्ग काढणार होते ती हीच. संध्याकाळपर्यंत भावाला सांभाळून ती पेंगत असणार, पाटीवर काय डोंबल लिहिणार! नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनाही फड सुटत नाही. मग लेकरामागे राहणार कोण?

परतताना मावशी म्हणाल्या, "तुमचा बिथुनिया झाला हा."

रविवार

कमिटीत वर्गाचा विषय मीच मागे घेतला आणि पाळणाघराचा ठेवला. कोप्यांजवळ एक पत्र्याची खोली रिकामी आहे, मालक नाममात्र भाड्याने देतोय. सतरंज्या, दूध, पाळण्याला दोर. माणसं पहाटे चारला लागणार.

बंधू म्हणाले, "यावर प्रार्थना करायला हवी." केली. पाळकसाहेबांनी लांबवली नाही, बरं झालं. सभेसाठी अर्धे पैसे ठेवू, असा तोडगा निघाला. मला तो पटलेला नाही, पण मंडळीत सगळंच माझ्या मनासारखं कसं होईल.

मग मी वही फिरवली, कोण कुठल्या पहाटे येणार त्याची. बंधू म्हणाले, "आमच्या घरून बुधवारी येईल कोणीतरी." त्यांच्या मिसेस शेजारीच बसल्या होत्या, मान खाली. मी विचारलं, "कोणीतरी म्हणजे तुम्हीच ना?" सगळे हसले. तेही हसले, जरा उशिराने, आणि पेन घेऊन बुधवारपुढे स्वतःचं नाव लिहिलं.

सोमवार माझा, मंगळवार मावशींचा. शनिवारला अजून कोणी मिळालेलं नाही.