बाईंचा डबा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला. लिहायला बसलो तर शाळा राहिली बाजूला, समोर आल्या त्या विज्ञानाच्या बाई. कोणत्या बाई, हे इथं सांगायची गरज नाही.

१९८७ सालची नववी ब. प्रतिज्ञा सांगायचा मान माझा. एके सकाळी दुसऱ्याच ओळीला माझा आवाज चिरकला. रांगेतून कुणीतरी ओरडलं, "फाटला बे!" मैदानभर हशा. उद्यापासून मी प्रतिज्ञा सांगणार नाही, असं मी वर्गात जाहीर करून टाकलं.

बाई त्यावर काहीच बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत बकऱ्याचं स्वरयंत्र, श्वासनलिकेच्या तुकड्यासकट, स्वच्छ धुतलेलं. मटणाच्या दुकानाची पायरी कधी न चढलेल्या बाईंनी ते कुणाकडून आणवलं, कोण जाणे! श्वासनलिकेला सायकलच्या पंपाची रबरी नळी बांधली आणि पंप माझ्या हातात दिला. आधी नुसतीच हवा. मग बाईंनी दोन बोटांनी दाबून आतल्या घड्या, म्हणजे स्वरतंतू, जवळ आणल्या, वर पाण्याचे थेंब सोडले. "मार आता." त्या एवढ्याशा तुकड्यातून घोगरा, थरथरता सूर निघाला. अख्खा वर्ग बाकांवर उभा! बाईंनी ताण वाढवला, तसा सूर चढला.

"पुरुषाच्या गळ्यात या घड्या सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरतात, बाईच्या दोनशेच्या आसपास. तुमच्या वयात मुलांचं स्वरयंत्र झपाट्यानं वाढतं, घड्या लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर उतरतो. तोवर तो घसरणारच." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वर्गात निम्म्यांच्या घरी तेलुगू, काहींच्या घरी कन्नड. "सूर सगळ्यांचा इथूनच येतो. शब्द घडवतात ते जीभ, टाळू, ओठ. पण याचं मूळ काम राखणदारीचं. घास गिळताना हे वर सरकतं, झाकण मागे कलतं, घड्या मिटतात. तुमचे वडील सुताचा गठ्ठा उचलताना दम धरतात ना, तो इथंच अडतो."

दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञा मीच सांगितली.

आज मी भूलतज्ज्ञ आहे. लॅरिंगोस्कोपच्या, म्हणजे घशात पाहायच्या दिव्याच्या, उजेडात त्या दोन पांढऱ्या पट्ट्या रोज दिसतात, त्यांच्यामधून नळी सरकवायची असते, आणि मला तो डबा आठवतो. १८५४ मध्ये मॅन्युएल गार्सियानं आरसा आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःचे स्वरतंतू पाहिले, हे मी पुढे वाचलं. तोही शिक्षकच, गाण्याचा.

खंत एकच. खिडकीपलीकडे मागांचा खडखडाट, समोर साठ मुलं, माईक नाही. त्यावर आवाज चढवून चढवून बाईंच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. शेवटची वर्षं त्यांनी कुजबुजत शिकवलं, असं मित्रांकडून कळलं. ताणून कुजबुजल्यानं गळ्याला विश्रांती मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. मी पुण्यात होतो. एक फोन करायला हवा होता, केला नाही.

आता माग थांबलेत, प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात स्वरयंत्राचं प्लास्टिकचं मॉडेल आलंय. सुंदर आहे, पण कुलपात आहे. ते मुलांच्या हातात द्या.

संयोजकांना आणखी एक विनंती. समारंभात बाई बोलणार आहेत. माईक त्यांच्या तोंडाजवळ धरा, शेजारी पाण्याचा पेला ठेवा आणि मागच्या रांगेतून कुणी "मोठ्यानं, बाई!" म्हणू नका. ऐकू आलं नाही तर पुढे येऊन बसा.