व्हायलपासून सुईच्या टोकापर्यंत: माझा अनुभव

स्ट्रोकच्या प्रयोगात रॅटच्या मेंदूत स्टेम सेल सोडायच्या म्हटलं की सगळ्यांना धास्ती असते ती शस्त्रक्रियेची. माझ्या मते काम बिघडतं ते त्याआधीच, पेशी वितळवताना.

द्रवरूप नायट्रोजनमधून काढलेली व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींची छोटी कुपी, मी लगेच ३७ अंशांच्या पाण्यात धरते. दीड-दोन मिनिटांत बर्फाचा एवढासा खडा उरला की बाहेर. त्यापुढे रेंगाळलं तर गोठवताना पेशींच्या बचावासाठी घातलेलं १० टक्के डीएमएसओ हे रसायनच त्यांना भोवतं. कोमट मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं पोषक द्रावण, थेंबाथेंबाने घालते. एकदम ओतलं की पेशी पाणी ओढून फुगतात नि फुटतात. मग ३०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पट जोराने) ५ मिनिटं सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवते.

फुटलेल्या पेशींतला डीएनए चिकट जाळ्यासारखा पसरतो आणि धडधाकट पेशीही त्यात अडकतात. अशा गुठळ्या पिपेटने झोडपून सुटत नाहीत, उलट आणखी पेशी मरतात. डीएनए तोडणारं थोडं डीएनेज एन्झाइम घालून ४० मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेलं बरं. मेलेल्या पेशींना निळं करणाऱ्या ट्रिपॅन ब्लू रंगाने मोजल्यावर ८० टक्क्यांहून कमी जिवंत निघाल्या तर ती तुकडी मी वापरत नाही. मेलेल्या पेशी मेंदूत दाह वाढवतात, आणि मग उपचाराचा परिणाम कुठला नि कचऱ्याचा कुठला, ते सांगता येत नाही.

दर मायक्रोलिटरला ५०,००० पेशी मला सोयीच्या पडतात. फार दाट केलं की सुई तुंबते. खरी फसवणूक मात्र सिरिंजमध्ये होते. पेशी काही मिनिटांत खाली बसतात, म्हणून एकाच भरणीतून चार प्राणी उरकले तर कुणाला भरपूर पेशी मिळतात, कुणाला नुसतं द्रावण. मी प्रत्येक वेळी पेशींची नळी हलक्या हाताने ढवळून सिरिंज ताजी भरते.

सोडण्याचा वेग मिनिटाला ०.५ मायक्रोलिटर, म्हणजे ३ मायक्रोलिटरला ६ मिनिटं. त्यानंतर सुई आणखी ५ मिनिटं तिथेच. घाईने ओढली तर द्रव तिच्याच वाटेने वर येतो. आणि नेम स्ट्रोकने मेलेल्या भागाच्या गाभ्यावर नको, कडेच्या जिवंत ऊतीवर हवा. गाभ्यात रक्तपुरवठाच नसतो, तिथे पेशी तगत नाहीत.

मानवी पेशी असतील तर रॅटच्या शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून आदल्या दिवसापासून सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, हे वेगळं सांगायला नको.

शेवटच्या प्राण्यानंतर उरलेलं द्रावण त्याच सुईतून बाहेर काढून मी पुन्हा मोजते. सकाळी ८५ टक्के जिवंत होत्या आणि आता ६५ असतील, तर दोन्ही आकडे वेळेसकट वहीत जातात.