ट्रॉलीत २० क्विंटल, मीटरवर १४

आमच्या शेतकरी कंपनीच्या सभासदांचा कापूस सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं खरेदी करणाऱ्या भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर लावून देणं, हे माझं काम. नोव्हेंबर २०२५ मध्ये हिंगणघाटकडच्या एका केंद्रावर २० क्विंटलची ट्रॉली नाकारली गेली. ऑक्टोबरअखेरच्या पावसात भिजलेला, सकाळच्या दवातच वेचलेला माल. वरून हात लावला तर कोरडा वाटे, पण ढिगाच्या मधून नमुना काढला तेव्हा ओलावा १४ टक्के. मर्यादा १२ ची.

बाहेर खासगीत क्विंटलला ६,९०० ची बोली होती. ट्रॉलीवाले शेतकरी काका म्हणाले, "टाकून देतो भाऊ, आता परत कुठं नेऊ?"

मी त्यांना आधी ६,९०० कुठून आले ते सांगितलं. १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत सरकारनं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं होतं. खंडी म्हणजे ३५६ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), म्हणजेच ७८४ पौंड. बाहेरची रुई ७५ सेंट पौंडानं बंदरात पोचते आणि डॉलर ८८ रुपये, असं धरलं तर खंडी पडते सुमारे ५१,७०० ला. त्यावरचं ११ टक्के शुल्क जवळजवळ ५,७०० रुपये. रुईचा उतारा ३४ टक्के धरला, म्हणजे १०० किलो कापसातून ३४ किलो रुई, तर खंडीला साडेदहा क्विंटल कापूस लागतो. म्हणजे शुल्क गेल्यानं क्विंटलमागे साडेपाचशेच्या आसपास आधार निघून गेला. मला हा निर्णय वेचणीच्या तोंडावर झालेला अन्यायच वाटतो.

दुसरा धक्का सरकीचा. १०० किलो कापसात ६४ किलोच्या आसपास सरकी निघते, म्हणून सरकी क्विंटलला १०० रुपयांनी उतरली की कापूस ६४ रुपयांनी उतरतो. सरकीचा भाव ढेपेवर, म्हणजे तेल काढून उरणाऱ्या पेंडीवर चालतो, आणि मक्याच्या इथेनॉल कारखान्यांतून निघणारं स्वस्त पशुखाद्य ढेपेचं गिऱ्हाईक ओढतं. अकोल्याच्या ढेपेचा भाव आमच्याकडे कापूसवाल्यानंही रोज बघावा.

मग वाळवणीचा हिशेब केला. लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८,११० होता. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की दर टक्क्याला भावात १ टक्का कपात. १४ वरून ११ वर आणलं तर २० चे १९.३३ क्विंटल राहतात, भाव ७,८६७, रक्कम सुमारे १ लाख ५२ हजार. खासगीत १ लाख ३८ हजार. आणि १२ वर थांबलो काय किंवा ८ पर्यंत वाळवलं काय, रक्कम जवळपास तेवढीच येते, कारण जितकी कपात वाचते तितकं वजन घटतं. ८ च्या खाली तर निव्वळ वजनाचं नुकसान. म्हणून ८ पर्यंत वाळवत बसायची गरज नाही, दोन उन्हं पुरतात. ओलावा मोजणाऱ्या मीटरचा आकडा थोडा मागेपुढे होतो, म्हणून १२ ऐवजी ११ धरून चालावं.

दव उडाल्यावर स्वच्छ ताडपत्रीवर अर्धा फुटाचा थर, दोन-दोन तासांनी उलटापालट, संध्याकाळी झाकण. कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला कापूस, त्याच वेळी वेगळी काढली. खताच्या पोत्यांत भरू दिलं नाही. त्यांचे धागे रुईत गेले की सूतगिरणी माल नाकारते.

सीसीआयच्या कपास किसान ॲपवर पुन्हा विक्रीची वेळ (स्लॉट) घेऊन ट्रॉली लावली, मीटर ११ वर आलं. ट्रॅक्टरचं दुसरं भाडं आणि मजुरी वजा जाऊनही खासगीपेक्षा दहा हजारांच्या वर जास्त रक्कम हातात राहिली. ओला कापूस घरात रचून भाववाढीची वाट पाहणाऱ्यांनी मात्र ढिगात हात घालून बघावा: आत गरम लागलं तर रुई पिवळी पडायला लागली असं समजून त्याच दिवशी ढीग फोडावा.