पिठाचा हात

परवा दुपारी साडेतीनला बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधली दहावीची मुलगी, हातात हॉलतिकीट. दुसऱ्या दिवशी मराठीचा पेपर. "काका, नंबर कुठे आलाय ते बघायला चाललेय. म्हटलं आधी सगळ्यांच्या पाया पडून घ्यावं," असं म्हणता म्हणता ती वाकलीसुद्धा.

आमच्या ख्रिस्ती घरात पाया पडायची पद्धत नाही. लहानांनी सलाम म्हणायचा, मोठ्यांनी डोक्यावर हात ठेवायचा, झालं. त्यामुळे कुणी वाकलं की मी अजूनही अर्धं पाऊल मागे सरकतो. तसाच सरकलो, मग घाईघाईने तिच्या केसांना हात लावला आणि तोंडातून निघालं काय, तर "ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ हं."

"हो काका," म्हणून ती शेजारच्या आजींकडे गेली. तिथून "यशस्वी हो, मोठी हो" असं खणखणीत ऐकू आलं. बायको आतून म्हणाली, "आशीर्वाद दिलात की सूचना?"

खरं तर या बाबतीत माझं शिक्षण चांगलं झालं होतं. माझी आजी नगरकडची, लग्न होऊन पुण्यातल्या पंचहौदात आलेली. (ज्या मिशनातल्या 1890 सालच्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, माजलं, तेच हे पंचहौद. आजीच्या हातचा चहाही ग्रामण्य व्हावं इतका गोड असे.) शाळेला निघताना दादा आणि मी तिच्यापुढे उभे राहायचो. त्या वेळी ती हमखास भाकरी थापत असायची. हात धुवायची नाही. परातीच्या काठावर झटकायची, दोघांच्या डोक्यांवर एकेक हात ठेवायची आणि म्हणायची, "परमेश्वर तुला आशीर्वाद देवो आणि तुझं संरक्षण करो." हे बायबलातल्या गणनेच्या पुस्तकातलं वाक्य, अहरोन याजकाने सगळ्या इस्राएलासाठी म्हणायचं. आजीने ते "डबा घेतला का" इतकं घरगुती करून टाकलं होतं. हात जड होता. डोकंही भाकरीसारखं जरा दाबूनच बघायची. वर्गात पोरं विचारायची, गिरणीतून आलास का रे?

एकदा शब्बाथ शाळेत, म्हणजे देवळातल्या मुलांच्या बायबलवर्गात, याकोबाची गोष्ट झाली. म्हाताऱ्या याकोबाने नातवांना आशीर्वाद देताना हात आडवेतिडवे केले. उजवा धाकट्या एफ्राइमावर, डावा थोरल्या मनश्शेवर. योसेफ बापाचा हात उचलून बदलायला गेला, तर म्हातारा ऐकेना. मी धाकटा! दुसऱ्या दिवसापासून मी उजव्या हातावर हक्क सांगू लागलो. दादा लगेच जागा बदलून उभा राहायचा, मग मी बदलायचो. आजीने दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी पाळीपाळीने दोघांनाही डावाच हात. "उजव्यात भाकरी आहे," म्हणाली.

रविवारी देवळात प्रभुभोजनाच्या वेळी, दृढीकरणाचा विधी झालेला नसल्यामुळे, आम्हाला भाकर नाही की द्राक्षारस नाही. कठड्याशी गुडघे टेकायचे, फादर डोक्यावर हात ठेवून पुढे सरकायचे. त्यांचा हात हलका, साबणाचा वास येणारा. मला तो दुय्यम दर्जाचा आशीर्वाद वाटे. पीठच नाही!

आजी केडगावच्या मुक्तिसदनाबद्दलही बोलायची. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, त्यांना सांभाळलं. या निराधार मुलींच्या मस्तकी रमाबाईंनी मायेचा हात ठेवला, असं कुणी उपदेशात म्हटलं की आजी माझ्या कानाशी पुटपुटायची, "आधी उवा काढल्या असतील बाईंनी, मग हात."

पुढे मी त्याच देवळात मागच्या बाकावर बसणारा काका झालो. उपदेश चालू असताना कुणाचं पोर रडलं की मान वळवून आईकडे असं बघायचं की ती बिचारी उठून व्हरांड्यात जाते. यात मी तरबेज आहे. माझं शिष्यत्व म्हणाल तर एवढंच. लोक येशूकडे लेकरं घेऊन आले तेव्हा शिष्यांनीही त्यांना दटावलंच होतं. मत्तय, मार्क, लूक या तिन्ही शुभवर्तमानकारांनी ते नोंदवलंय. पण त्या दटावण्याचा येशूला राग आला हे फक्त मार्क लिहितो. त्याने मुलांना कवेत घेतलं हेही मार्कच लिहितो. मत्तयाच्या वृत्तान्तात तो हात ठेवून पुढे निघतो, आमच्या फादरांसारखा. मार्क बहुतेक आजीच्या बाजूचा असावा.

हे सगळं मला आठवलं ते गॅलरीत उभं राहिल्यावर. खाली ती मुलगी सायकलचं कुलूप काढत होती. हॉलतिकीट दातात धरलेलं. मी कठड्यावर हात ठेवून ते गणनेतलं वाक्य म्हणायला लागलो, तिला ऐकू जाणार नाही इतपत हळू. "...आणि तुझं संरक्षण करो"पर्यंत आलो तेवढ्यात वॉचमनने वर बघितलं.

"काय म्हणालात साहेब?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाण्याची टाकी भरली का बघा."