नळाचा खोकला

आमच्याकडे पाणी येण्याआधी नळ खोकतो. आधी घशात काहीतरी अडकल्यासारखी बारीक खरखर, मग सूं सूं करत लांबलचक वारा, मग दोन-तीन कोरड्या उबळी आणि एकदम तोंडभर तांबूस पाणी. सगळा मिळून अर्ध्या मिनिटाचा कार्यक्रम, पण दोन खोल्या पलीकडे झोपलेल्या सासूबाई पहिल्या खरखरीलाच उठून बसतात. एरवी त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही. फोन वाजला तर "कुणाचा गं?" असं दोनदा विचारतात. नळाच्या बाबतीत मात्र कान तिखट. "अगं ऊठ, खोकला!" त्या हाक मारतात आणि मी डोळे न उघडताच बादली चाचपायला लागते. भिंतीपलीकडून कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, या घरात कुणीतरी आजारी आहे.

तसं आजारी आहेच कुणीतरी, फक्त ते घराबाहेर, रस्त्याखाली पसरलेलं आहे. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामे होतात आणि त्यांत हवा शिरते. नुसती हवा शिरली असती तरी चाललं असतं. पण भरलेल्या पाइपला ज्या चिरेतून पाणी गळतं, तीच चीर आतला दाब गेला की उलटी चालू लागते. आजूबाजूच्या मातीतलं पाणी आत ओढते, आणि शेजारून गटार जात असेल तर तेही. मग कधीतरी पाणी सुटतं आणि ही सगळी हवा पुढे ढकलत, तळाशी बसलेला गाळ आणि गंज ढवळत येतं. मीटरला हवा आणि पाणी यांतला फरक कळतोच असं नाही. नळातून थेंबही पडलेला नसताना आमच्या मीटरचा काटा भिंगरीसारखा फिरताना मी पाहिला आहे. पाण्याचं बिल भरतो तसं आम्ही थोडं वाऱ्याचंही भरतो.

म्हणून खोकल्यानंतरची पहिली बादली संडासाची, दुसरी फरशीची. तिसऱ्या बादलीचा तळ स्वच्छ दिसला की मगच कळश्या पुढे सरकतात. हा क्रम सासूबाईंनी लावलेला आहे आणि तो मोडायची माझी छाती नाही.

अशा वेळी बरेचदा वीजही गेलेली असते, त्यामुळे भरायचं ते अंधारात. सुरुवातीला मी मोबाइलचा दिवा तोंडात धरून भरायचे. सासूबाई हसायच्या. त्यांचं सगळं आवाजावर. रिकाम्या कळशीत धार पडते तेव्हा आवाज जाड, घुमणारा असतो. पाणी चढत जातं तशी वरची मोकळी जागा आखूड होते आणि सूर चढत जातो, आखूड बासरीचा सूर चढा असतो तसा. अगदी गळ्याशी आल्यावर तो बारीक होऊन जवळजवळ शिट्टी वाजते. त्या वेळी हात कॉकवर असायला हवा. आता मलाही जमतं. प्लॅस्टिकच्या पिंपात मात्र अजून फसते, कारण ते रुंद तोंडाचं भांडं शेवटपर्यंत नुसतं डबडब करत राहतं, आपल्या मनातलं काही सांगत नाही.

हे झालं हातातल्या भांड्यांचं. खरा जीव असतो तो गच्चीवरच्या टाकीत. नळाच्या पाण्याला गच्चीपर्यंत चढायचा जोर नसतो. पाणी 10 मीटर वर न्यायचं तर साधारण एक बार दाब लागतो, आणि आमच्याकडे जे येतं ते तळमजल्याशीच धापा टाकतं. म्हणून ते आधी जमिनीखालच्या टाकीत उतरवायचं आणि तिथून मोटरने वर फेकायचं. या व्यवस्थेतली गंमत पाणी आणि वीज दोन्ही रुसली की कळते. खालची टाकी काठोकाठ भरलेली, वरची कोरडी ठणठणीत, आणि आपण मधल्या मजल्यावर कोरड्या नळाखाली साबण लावून उभे. आडात भरपूर आहे, पोहरा तेवढा चालत नाही, अशी ती अवस्था. त्यावर उपाय म्हणून नवऱ्याने खालच्या टाकीच्या झाकणाशी दोरी बांधलेली बादली ठेवली आहे. म्हणजे एवढं सगळं करून शेवटी आम्ही विहिरीवरच आलो.

टाकीत पाणी किती भरायचं ते ठरवतो बॉलकॉक. दांडीच्या टोकाला एक पोकळ गोळा, पाणी चढलं की तोही चढतो आणि दांडी झडप मिटवते, बस्स. तरंगत्या वस्तूने पाण्याची पातळी राखायची ही युक्ती ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने ती आपल्या पाण्याच्या घड्याळात वापरली होती. बावीसशे वर्षांची ही विद्या आमच्या टाकीत एका रात्री क्षाराने अडकली. चार दिवसांच्या खंडानंतर पाणी आलं होतं, आम्ही "बॉलकॉक बघून घेईल" म्हणून झोपलो, आणि पहाटे जमिनीखालची टाकी अंगणात उतू जात होती. चार दिवस ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांदेखत रस्त्याने चाललेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि अंगणातल्या डबक्यातून टमरेलाने पाणी भरून झाडांना घालायला सुरुवात केली. त्यापेक्षा दोन शब्द बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

नवरा हिशोबी. त्या रात्रीनंतर त्याने वही काढली. माणसाच्या मूलभूत गरजांना दिवसाला 50 ते 100 लिटर पाणी लागतं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आम्ही चौघं, म्हणजे हात आखडून वापरलं तरी दिवसाला 200 लिटर. वरची टाकी 1000 लिटरची, म्हणजे पाच दिवस. "पाच दिवस राजासारखे काढू!" तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी टाकी संपली. मग शोध सुरू झाला आणि गुन्हेगार निघाला जुना फ्लश, एका दाबात दहा लिटरच्या वर. आता फ्लशच्या डब्यात पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उभ्या केल्या आहेत, तेवढं तरी दर वेळी वाचतं. वहीत आमच्या मुलाच्या आंघोळीचीही नोंद आहे, पण ती मी इथे देत नाही, त्याला मित्र आहेत.

टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये हे आम्ही अनुभवाने शिकलो. घरातल्या पाइपात हवा अडकते, आणि पुन्हा टाकी भरली तरी न्हाणीघराचा नळ ठसका लागल्यासारखा नुसता सुस्कारे टाकतो. शिवाय बाहेर जाणारा पाइप टाकीच्या तळापासून चार बोटं वर असतो, गाळ खालीच राहावा म्हणून. त्यामुळे नळ कोरडा पडला तरी टाकीत थोडं पाणी उरलेलं असतं. पिण्याच्या कामाचं नाही, पण अगदीच वेळ आली तर नळी टाकून काढता येतं. तोंडचं पाणी पळालेल्या दिवसांत, वर चार बोटं पाणी आहे या कल्पनेचाही आधार वाटतो.

साठवलेल्या पाण्यावरून मात्र घरात दोन पक्ष आहेत. सासूबाईंचा पक्ष म्हणतो, कालचं पाणी शिळं. ताजं आलं की ते ओतून टाकायचं. नवरा चिडतो, म्हणतो, पाणी काय नासतं का? खरं दोघांच्या मधे आहे. पाणी स्वतः शिळं होत नाही, पण त्यातला क्लोरीन उघड्या भांड्यात हळूहळू उडून जातो. ऊन लागलं तर आणखी लवकर. नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा दंडक आहे. दोन दिवस ठेवलेल्या कळशीत तेवढा राहील याची खात्री कोण देणार? आणि मग कुणीतरी त्यात तांब्या बुडवतं, तांब्याबरोबर बोटं बुडतात, आणि कळशीला राखणदारच उरलेला नसतो. म्हणून पिण्याचं पाणी आता खाली तोटी असलेल्या झाकणाच्या पिंपात. जुनं पाणी ओतायचं नाही, धुण्या-पुसण्याला वापरायचं. असा तह झाला. सासूबाई त्याला "सही न केलेला तह" म्हणतात.

डासांच्या बाबतीत मात्र घर एकमताने चालतं. डेंग्यूच्या डासाला घाण नको असते, त्याला आपण कष्टाने भरलेलं स्वच्छ पाणीच आवडतं. मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. पिंप नुसतं ओतून पुन्हा भरलं तर ती तिथेच असतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागलं की उठतात. अंडं ते डास हा प्रवास उबेत आठवडा-दहा दिवसांचा. म्हणून दर रविवारी पिंप आडवं पाडायचं आणि आत डोकं घालून काथ्याने भिंती घासायच्या. आत असताना स्वतःचा आवाज फार भारदस्त येतो. मी तिथे गाते. बाहेरून मुलगा म्हणतो, "आई, अंडी गेली, आता बाहेर ये."

मध्यंतरी एक चमत्कार झाला. रस्ता खणला गेला, नवे पाइप पडले, आणि सलग तीन आठवडे नळाला कधीही पाणी. फिरवला की धार, ना खोकला ना वारा. नवऱ्याची वही बंद पडली. मुलगा वाटेल तेवढा वेळ आंघोळ करू लागला. मीही एक-दोनदा भांडी घासताना नळ सोडून फोनवर बोलत राहिले, आणि ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

एका रात्री तीनच्या सुमाराला जाग आली. न्हाणीघराजवळ काहीतरी वाजत होतं. ठक, ठक, जरा थांबून पुन्हा ठक. उठून बघते तर अंधारात सासूबाई. बोटाच्या पेराने पिंपावर खालून वर टकटक करत होत्या. खाली बद्द आवाज, मग अजून बद्द, आणि एका जागी एकदम पोकळ. तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. खोकला ऐकू आला नाही म्हणून जाग आली." पिंपावरचं बोट त्यांनी उचललं नव्हतं. "अर्ध्याच्या वर आहे," त्या म्हणाल्या आणि जाऊन झोपल्या.