लागवडीच्या रकान्यातलं नाव

नाशिकच्या कोर्टात जमिनीची कामं करणाऱ्या वकिलाची नजर सातबाऱ्यावर आधी पीकपाहणीकडे जाते. १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं मालक मानली गेली, तेव्हापासून तिथे परकं नाव दिसलं की आम्ही सावध होतो. अनंतनागकडची गिरदावरी, म्हणजे तिकडची पीकपाहणीच, तीही मी त्याच नजरेने पाहिली.

पक्षकार काश्मिरी पंडित, ऐंशी उलटलेले, १९९० साली घर सोडलेलं, आता इंदिरानगरला मुलाकडे. कागद उर्दूत, तेही पटवाऱ्याच्या घाईच्या अक्षरात. जुन्या नाशकातल्या एका निवृत्त शिक्षकांनी ओळ न ओळ वाचून दिली, पैसे घेतले नाहीत. अक्रोडाची बाग, चार कनाल. आठ कनालांचा एकर, म्हणजे आपले वीस गुंठे. मालक म्हणून या आजोबांचं नाव शाबूत. लागवडीच्या रकान्यात मात्र शेजाऱ्याचं.

मुलगा उत्साहात. १९९७ च्या कायद्याने स्थलांतरितांच्या मालमत्तेची राखण जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे दिली, विनापरवानगी विक्रीवर बंदी घातली. चांगला कायदा, पण सात वर्षं उशिरा आला. तोवर कित्येकांनी मिळेल त्या भावात विकून टाकलं होतं. २०२१ पासून कब्जाची तक्रार ऑनलाइन करता येते. मी भरायला घेतली.

“त्याचं नाव नका घालू, वकीलसाहेब,” आजोबा म्हणाले. “चावी मीच दिली होती.”

त्यांनी पिशवीतून मनीऑर्डरची दोन कुपनं काढली. घडीवर फाटलेली, मागे उर्दूत एकेक ओळ: अक्रोडाचे पैसे. मुलाने ती कधी पाहिलीच नव्हती.

“लढायचंच नाही तर वकील कशाला?” तो चिडला. त्याचं चुकलं, असं मला वाटतं. परत जायचं तर शेजारी तोच आहे, आणि परवानगीने बसलेल्याचा कब्जा कितीही वर्षांचा असला तरी मालकाच्या हक्कावर चालत नाही. फक्त परवानगी सिद्ध व्हायला हवी, आणि ती सांगणारा माणूस आज समोर आहे. मी तिथेच प्रतिज्ञापत्र लिहिलं: चावी कोणी, कोणाला, कोणत्या विश्वासाने दिली. कुपनं सोबत जोडली. तहसीलदाराकडे सध्या फक्त मोजणीचा अर्ज जाईल.

शेजाऱ्याला पत्र आजोबा स्वतः लिहिणार आहेत. मसुदा मागत होते. मी नको म्हटलं, ते वकिली भाषेत जाऊ नये.

पण त्यांच्या माघारी मुलाने बेकायदा कब्जाची तक्रार केलीच, तर शेजाऱ्याचा वकील पहिला कागद म्हणून हे प्रतिज्ञापत्रच पुढे करील. तो माझ्या हातचा आहे.